पावसाळाभर उभ्या कॅम्परच्या बॅटऱ्या दसऱ्याला मेलेल्या का सापडतात

एका काकांचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते. काका-काकू दोघं रिटायर, कोथरूडला राहतात, ट्रॅव्हलरवर बनवून घेतलेली कॅम्पर आहे. दिवाळीपासून मेपर्यंत जमेल तसं फिरतात आणि जून ते सप्टेंबर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. मागच्या दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढायला गेले, किल्ली फिरवली तर नुसतं टक. इंजिनची बॅटरी बसलेली आणि आतल्या फ्रिज-दिव्यांची दीडशे ॲम्पिअर-आवरची (एक ॲम्पिअर दीडशे तास देईल एवढी) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तसली पाण्याची बॅटरी, ती पण बसलेली. झेंडूचा हार तसाच हातात. दुकानदार म्हणाला दोन्ही बदला, त्यांनी बदलल्या. आता परत जून आलाय आणि ते विचारतायत की यंदा बॅटऱ्या काढून घरात ठेवू का, चार्जर चार महिने लावूनच ठेवू का, की सरळ लिथियम घेऊन मोकळा होऊ.

काका, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत पण खरा प्रश्न चौथाच आहे. मागच्या वेळी बॅटऱ्या प्यायल्या कोणी? ते न शोधता लिथियम घेतलीत तर पुढच्या दसऱ्याला महागातली बॅटरी मेलेली सापडेल, एवढाच फरक.

बाबांचं नाना पेठेत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, मी डिप्लोमा करून तिथेच बसले ती गेली बावीस वर्षं बसलेय, आणि अलीकडे सात-आठ वर्षं कॅम्पर आणि व्हॅनचं वायरिंगच जास्त येतं. दरवर्षी गणपती उठले की माझ्याकडे अशा गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेक बॅटऱ्या वापरून मेलेल्या नसतात. नुसत्या उभ्या राहून मेलेल्या असतात.

आपण समजतो गाडी बंद केली म्हणजे सगळं बंद. तसं नसतं. म्युझिक सिस्टीमला वेळ आणि स्टेशन लक्षात ठेवायचं असतं, सेंट्रल लॉक रिमोटची वाट बघत जागं असतं, जीपीएस ट्रॅकर तर कायमच जागा, आणि आतल्या बाजूला गॅस गळतीचा अलार्म, पाण्याच्या टाकीचं लेव्हल मीटर, सोलरचा कंट्रोलर, यूएसबी सॉकेटचा तो छोटा निळा दिवा. एकेक जण चमचा चमचाच पितो. हिशोब करून बघा. गॅस अलार्म समजा ८० मिलिॲम्पिअर खातो, म्हणजे दिवसाला साधारण दोन ॲम्पिअर-आवर. चार महिने म्हणजे १२० दिवस, झाले २३० ॲम्पिअर-आवर. तुमची बॅटरी दीडशेची. म्हणजे बाकी काहीही न लावता एकटा अलार्म अडीच महिन्यांत ती कोरडी करू शकतो. आणि इन्व्हर्टरचं बटण चुकून ऑन राहिलं असेल, त्याला काही जोडलेलं नसलं तरी, तो स्वतःच अर्धा ते एक ॲम्पिअर खात बसतो, मग दीडशेची बॅटरी आठ-दहा दिवसांची पाहुणी. थेंबे थेंबे तळं साचतं तसं थेंबे थेंबे आटतं पण.

तुमच्या दोन्ही बॅटऱ्या एकदम गेल्या म्हणून मला अजून एक शंका आहे. कॅम्परमध्ये इंजिनची आणि आतली बॅटरी यांच्यामध्ये एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच, असतो, गाडी चालू झाली आणि व्होल्टेज १३.३ व्होल्टच्या आसपास गेलं की तो दोघींना जोडतो आणि बंद केल्यावर व्होल्टेज पडलं की सोडतो. या रिलेचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटतात. मग गाडी बंद असली तरी दोघी जोडलेल्याच, आणि एक मरताना दुसरीला घेऊन जाते. तपासायला सोपं आहे, गाडी रात्रभर उभी ठेवा, सोलर असेल तर पॅनलची वायर काढून ठेवा, सकाळी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजा आणि मग आतले सगळे दिवे पंखे दहा मिनिटं लावून परत मोजा. आतल्या बॅटरीबरोबर इंजिनची पण खाली येत असेल तर रिले चिकटलाय.

आता बॅटरी रिकामी झाली तर परत भरायची, मरते कशाला? तर लेड-ॲसिड बॅटरी (शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडची, तुमच्या दोन्ही तसल्याच) रिकामी होते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं, हे रोजचंच आहे. पण तसंच आठवडे-महिने राहिलं तर त्याचे कडक खडे होतात, काकवी बरणीत विसरली की तळाशी साखर धरते ना तसं, आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. त्यामुळे रिकामं होणं एवढं वाईट नाही, रिकामं पडून राहणं वाईट. आणि उन्हाळा याला हातभार लावतो. बॅटरी काहीही न जोडता स्वतःहून पण थोडी उतरते, साध्या पाण्याच्या बॅटरीची २५ अंशाला महिन्याला तीन ते पाच टक्के, आणि दर दहा अंशांनी हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळिशी पार होते, उन्हात उभ्या बंद गाडीत आतली हवा पन्नाशीला जाते, म्हणजे जून लागतो तेव्हाच बॅटरी थकलेली असते आणि आपण तिला त्याच अवस्थेत कव्हर घालून झोपवतो.

किती खातंय ते मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर चालेल, त्याची लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात घाला (हे विसरलात तर मीटरचा फ्यूज उडतो, आमच्याकडच्या पोरांनी किती उडवलेत त्याची गणती नाही), बॅटरीची मायनसची वायर काढा आणि वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर घाला. दारं बंद, किल्ली बाहेर. पहिल्यांदा आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात, तोपर्यंत चहा घेऊन या. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, कुठलं मोठं उपकरण लावायचं नाही. अर्ध्या तासानंतर इंजिनच्या बॅटरीवर ३०-५० मिलिॲम्पिअर दिसलं तर ते नॉर्मल आहे, पण नॉर्मल म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ४० मिलिॲम्पिअर म्हणजे दिवसाला एक ॲम्पिअर-आवर, शंभरची बॅटरी दोन महिन्यांत निम्म्याखाली, आणि तिथून पुढे डिझेल इंजिन उचलायला ती कुरकुरणार. १०० च्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल तो चोर. क्लॅम्प मीटरने करायचं असेल तर तो डीसी मोजणारा हवा, घरगुती वायरमनकडे असतो तो बऱ्याचदा फक्त एसीचा असतो आणि इथे शून्य दाखवून तुम्हाला खुशाल फसवतो.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येते.

बॅटऱ्या काढून घरात ठेवू का? आतली दीडशेची ट्यूब्युलर असेल तर अजिबात नको, ॲसिडसकट पन्नास-साठ किलोचं धूड आहे ते, तिरकं झालं तर ॲसिड सांडतं आणि तुमची कंबर जाईल ती वेगळीच. जागच्या जागी ठेवून तिची वायर सोडवली तरी नव्वद टक्के काम होतं. इंजिनची काढायची हौस असेल तर काढा, पण मग ठेवणार कुठे ते ठरवा. बाल्कनीत ऊन आणि पावसाची झड दोन्ही येतात. बंद कपाटात किंवा बेडच्या खणात तर मुळीच नाही. चार्ज होताना, खासकरून भरत आल्यावर, लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसतो, आणि सगळ्यात हलका असल्याने वर जाऊन साचतो. मागे एका घरी गेले होते तर बॅटरी देवघराखालच्या कपाटात चार्जिंगला लावलेली आणि वर निरांजन तेवतंय. मी आधी निरांजन विझवलं की आधी चार्जर बंद केला ते आता आठवत नाही, पण त्या आजींनी माझ्याकडे जे बघितलं ते आठवतंय.

हेच कॅम्परच्या आत पण लागू आहे. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्यूब्युलर स्वस्त पडते म्हणून अनेक जण तीच बेडखाली बसवून देतात. तशी बसवायलाच नको असं मी म्हणत नाही, पण मग तिला झाकणाचा वेगळा बॉक्स हवा, बॉक्सच्या वरच्या भागातून बाहेर जाणारी नळी हवी आणि खालून हवा आत यायला भोक हवं, आणि त्याच खणात गॅसचा सिलिंडर किंवा ठिणगी उडवणारा रिले नको. झोपायच्या जागेखाली आहे म्हणून हे सांगतेय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती बॅटरी ओव्हरचार्ज होतेय किंवा तिचा एखादा सेल गेलाय, चार्जरचा मेन स्विच बाहेरून बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बॅटरी गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते हा जुना वाद पण इथे मिटवते. बाबा कायम लाकडी फळीवर ठेवायचे, शहाबादी फरशीवर बॅटरी टेकवली की ओरडायचे. जुन्या काळी बॅटरीचे डबे लाकडाचे नाहीतर कडक रबराचे असायचे, ओल झाली की त्यातून खरोखर करंट झिरपायचा. आताचे डबे प्लॅस्टिकचे, त्यांना फरशीचं काही वाटत नाही. मी तरी पण फळीवरच ठेवते. पावसाळ्यात आमची फरशी पाझरते आणि, खरं सांगायचं तर, सवय.

काढताना मात्र एक क्रम पाळाच. आधी मायनस सोडायची, मग प्लस. लावताना उलट, आधी प्लस आणि शेवटी मायनस. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, मायनस लावलेली असताना प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला की तिथेच वेल्डिंग. हातात अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ असलं काही नको. बाबांच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याच्या चौकोनी कड्या जशाच्या तशा उमटलेल्या होत्या, प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये पट्टा सापडला होता, दोन सेकंदांत लाल झाला आणि बक्कल उघडेना. लहानपणी मला वाटायचं ते गोंदवलंय. सोलर असेल तर अजून एक, आधी पॅनलची वायर सोडवा आणि मगच बॅटरीची, जोडताना आधी बॅटरी मग पॅनल. नाहीतर कंट्रोलरला बॅटरीविना पॅनलचं व्होल्टेज बसतं आणि स्वस्तातले कंट्रोलर त्यात जातात.

दुसरा प्रश्न, चार्जर चार महिने लावून ठेवू का. याचं उत्तर चार्जरवर अवलंबून आहे, आणि तुमच्या पार्किंगवर. दुकानात असतो तो जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असेल तर नाही म्हणजे नाही, तो बॅटरी भरली तरी थांबत नाही, पाणी उडवतो, प्लेटा खातो. स्मार्ट चार्जर वेगळा, तो आधी १४.४ च्या आसपास नेऊन भरतो आणि मग १३.५-१३.६ वर उतरून नुसता धरून ठेवतो, याला फ्लोट म्हणतात. तो लावलेला चालतो. त्यातही टेंपरेचर सेन्सर असलेला बघा, गरम हवेत बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, २५ अंशाला १४.४ देत असाल तर ४० अंशाला १४.० पुरतं. आणि बॅटरीचा प्रकार नीट निवडा, जेल बॅटरीला (हिच्यात ॲसिड घट्ट जेलीसारखं असतं) पाण्याच्या बॅटरीचं सेटिंग दिलंत तर आतला जेल फुगे धरतो, त्यात परत पाणी घालायची सोयच नसते.

पण मला स्वतःला चार महिने लावलेला चार्जर आवडत नाही. बॅटरीला काही होईल म्हणून नाही, आपल्या पार्किंगमुळे. वायर कुठून तरी ओढलेली, जॉइंटला टेप, वर पावसाची गळती, खाली तळमजल्यावर पाणी. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा किती पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. चालू चार्जर जमिनीवर ठेवून चार महिने लेकाकडे जाणार असाल तर नकोच. त्यापेक्षा महिन्यातून एक दिवस चार्जर लावा, तुम्ही तिथे असताना, जमिनीपासून वर ठेवून. बॅटरीची वायर कट-ऑफ स्विचने (बॅटरी गाडीपासून तोडणारा हाताचा स्विच) तोडलेली असेल तर महिन्यातून एकदा एवढं भरपूर होतं, एजीएम (ॲसिड काचेच्या जाळीत शोषलेली सीलबंद लेड-ॲसिड) असेल तर दोन महिन्यांतून एकदा पण चालतं.

गाडी उघड्यावर असती तर मी सांगितलं असतं की छतावरचं १०० वॅटचं पॅनल चालू राहू द्या, लेड-ॲसिडला त्यासारखी दुसरी राखणदार नाही, ढगाळ दिवसात पण ते किरकोळ खर्च भरून काढतं. पण तुमची गाडी छताखाली कव्हर घालून, तिथे पॅनल नुसतं शोभेचं आणि कंट्रोलर उलट बॅटरीतूनच खाणार. तेव्हा तो पण तोडा.

बरेच जण म्हणतात आम्ही दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. नका करू. सेल्फ मारण्यात जे गेलं ते कदाचित भरून येतं, पण बॅटरी पूर्ण भरायला तास लागतात, दहा मिनिटं नाही. वर इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, पार्किंगभर धूर आणि सेक्रेटरींचा फोन. चालवायचीच असेल तर खरी चालवा, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या, टायर पण फिरतील. फक्त पावसाळ्यातल्या रविवारी नाही, डोणज्याला अडकलात तर बॅटरीपेक्षा तुमचं डोकं जास्त उतरेल.

तिसरा, लिथियम. हा प्रश्न आला की लोक दोन पार्ट्या करतात, मी कुठल्याच पार्टीत नाही. कॅम्परमध्ये लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, तीच घ्यायची, जुन्या स्कूटरच्या सेलचं जुगाड कोणी स्वस्तात देत असेल तर पाया पडून परत पाठवा. शंभर ॲम्पिअर-आवरची बॅटरी बारा किलोच्या आसपास, सल्फेटचा प्रश्नच नाही, अर्धी भरलेली ठेवली तर उलट खूष. तुमच्यासारखं चार महिने उभं ठेवणाऱ्याला ती स्वभावाने सोयीची आहे, हे खरं. पण तिची ठेवायची पद्धत लेड-ॲसिडच्या बरोबर उलटी. लेड-ॲसिड गच्च भरून ठेवायची, लिथियम निम्म्यावर, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवायची आणि सोडवायची, शंभर टक्क्यांवर फ्लोट लावून महिनोन्‌महिने धरून ठेवायची नाही. व्होल्टेजवरून ती किती भरलीय ते कळत नाही, वीस टक्क्यांपासून नव्वदपर्यंत ती तेराच्या आसपासच रेंगाळते, त्यामुळे आत-बाहेर करंट मोजणारा शंट मीटर लागतो. तिच्या आत बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवून गरज पडली तर बॅटरी बंद करणारं सर्किट, असतो तो पण थोडं थोडं खातो, म्हणून रिकामी करून ठेवली तर ती पण मरते. बीएमएसने बंद केलेली बॅटरी मीटरवर शून्य दाखवते, लोक घाबरून दुसऱ्या बॅटरीने जंप करतात, ते करू नका, लिथियमचं सेटिंग असलेल्या चार्जरने हळू उठवा. पण सेल फुगलेले दिसले तर उठवायच्या भानगडीत पडूच नका, गाडीबाहेर मोकळ्यावर ठेवा.

आणि खर्च फक्त बॅटरीचा नसतो. लिथियम अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, मिळेल तेवढा करंट ओढते, ट्रॅफिकमध्ये इंजिन कमी आरपीएमला असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये हा करंट आवरून धरणारा डीसी-टू-डीसी चार्जर घालावा लागतो. चार्जर बदलायचा, सोलर कंट्रोलरचं सेटिंग बदलायचं. लेड-ॲसिडच्या चार्जरमध्ये रिपेअर नाहीतर डीसल्फेशनचं जे बटण असतं ते पंधराच्या वर व्होल्टेज देतं, लिथियमला ते विष. शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, पुण्यात याची काळजी नाही पण तुम्ही स्पितीला जायचं म्हणताय तिथे पहाटे आहे. बॉनेटखाली इंजिनशेजारी तर ती कधीच बसवायची नाही. तुम्ही आत्ताच दोन्ही बॅटऱ्या नवीन घेतल्यात, त्या चार-पाच वर्षं नीट चालवा, मग बघू. हे माझं मत, दुसरा वेगळं सांगेल आणि तो पण चूक नसेल, महिनाभर बिनविजेच्या जागी राहणाऱ्याला मी स्वतःच लिथियम बसवून देते.

पाण्याबद्दल थोडं, कारण ट्यूब्युलरचा जीव त्यात आहे. पाणी चार्ज झाल्यावर भरायचं, आधी नाही, चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेलं ॲसिड झाकणातून उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि त्या बुडतील एवढंच. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, उकळून गार केलेलं नाही, आणि एसीच्या नळीखाली बादली लावून जमवलेलं तर नाहीच, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात. ॲसिड कधीच वरून घालू नका, बाष्प होऊन पाणीच जातं, ॲसिड आतच राहतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर झाकणं घट्ट आहेत बघून खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसणं थांबलं की स्वच्छ पाण्याने पुसा, वाळवा आणि व्हॅसलिनचा हात फिरवा. चष्मा घाला. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि लगेच डॉक्टर, गुलाबपाणी वगैरे काही नाही.

व्होल्टेज कसं वाचायचं ते पण सांगते कारण यात जाम गोंधळ असतो. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा खोटा फुगलेला आकडा दिसतो, रात्रभर राहू द्या. सकाळी १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव राहिली. १२.४ च्या खाली गेली की चार्जला लावा, १२.२ ची वाट बघू नका. चार्ज करून रात्रभर ठेवली तरी १०.५ च्या आसपासच रेंगाळत असेल तर एक सेल शॉर्ट आहे, सहा सेलमधला प्रत्येकी २.१ चा एक वजा झाला. मग तिच्यावर पैसे घालू नका. पण नुसती उतरलेली असेल तर दुकानदाराने मेली म्हटल्या म्हटल्या मान डोलवू नका, क्षमतेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त करंट न देता, म्हणजे दीडशेला पंधरा ॲम्पिअरच्या आत, पूर्ण भरेपर्यंत हळू चार्ज करा, एक दिवस ठेवा, मग हायड्रोमीटरने (ॲसिड किती दाट आहे ते दाखवणारी काचेची नळी) सहाही सेल बघा. सेलासेलात ०.०५० पेक्षा जास्त फरक नसेल तर लोड टेस्ट, म्हणजे मोठा करंट ओढून व्होल्टेज किती पडतं ती तपासणी, करून घ्या. तुमच्या जुन्या ट्यूब्युलरमध्ये कदाचित थोडा जीव होता, पण आता ते उगाळून उपयोग नाही.

नवीन घेताना पण काउंटरवरच मीटर लावून बघत जा. सहा महिने फळीवर बसलेली बॅटरी तुम्हाला नवीन म्हणून मिळते आणि ती आधीच १२.३ ला आलेली असते. आमच्यातल्याच एकाने मला अशी एक विकली होती, मी त्याच व्यवसायातली असून. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला नाही, विक्रेत्यालाच परत द्यायची, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंटच्या नियमांनी त्या परत गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. भंगारवाला शिसं ठेवतो आणि ॲसिड गटारात ओततो.

मग तुम्ही या जूनमध्ये नेमकं काय करायचं. एक शनिवार मोकळा काढा. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, ट्यूब्युलरचं पाणी बघा, टर्मिनल पुसा. रविवारी सकाळी व्होल्टेज मोजा आणि झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि आकडा लिहा. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, सिलिंडर बंद करून काढून ठेवा, म्हणजे गॅस अलार्मला चार महिने काम उरणार नाही आणि तो निर्धास्त तोडता येईल. सोलरची वायर सोडवा आणि मग दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनसला कट-ऑफ स्विच बसवून तो फिरवा. हा स्विच आणि ट्यूब्युलरच्या प्लसजवळचा जाड फ्यूज या दोन वस्तू तुमच्या गाडीत नसतील तर आत्ताच बसवून घ्या, वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागायच्या आधी उडणारा तो फ्यूजच असतो, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, टोकाला उपकरणाजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधल्या वायरचं रक्षण कोण करणार. स्विच फिरवल्यावर मीटर लावून परत बघा. काही वायरमन ट्रॅकर आणि गॅस अलार्म मुद्दाम स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतात, मग स्विच बंद असून पण गळती चालूच. ट्रॅकर ठेवायचाच असेल तर ठेवा, चोरीची भीती खरी आहे, फक्त मग महिन्याचा चार्ज चुकवायचा नाही. इंजिनची बॅटरी तोडण्याआधी सेंट्रल लॉक किल्लीने हाताने उघडतंय ना ते बघा, नाहीतर दसऱ्याला बॅटरी शाबूत आणि गाडीत शिरता येत नाही असं व्हायचं. झालंय असं.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येक महिन्यात एकदा खाली जाऊन आकडा मोजा आणि त्याच पट्टीवर लिहा. तुम्ही नसाल तर वॉचमनला नको सांगू, शेजारच्या एखाद्या हुशार कॉलेजच्या पोराला मीटर देऊन शिकवा.

आणि हो, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी नाहीत त्या मला कळवा: मल्टिमीटरने अर्ध्या तासानंतर दिसलेला दोन्ही बॅटऱ्यांचा आकडा, चार्जरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, आणि तुमची ट्यूब्युलर नेमकी कुठे ठेवलीय, बेडखाली की मागच्या डिकीत. बेडखाली असेल आणि बाहेर जाणारी नळी नसेल तर बाकीचं सगळं राहू दे, आधी ती नळी टाकून घ्या.